हृदयातील पाण्याच्या गाठी

प्रौढांच्या हृदयात आढळणाऱ्या, कर्करोगाशी संबंध नसलेल्या द्रवाच्या गाठी, म्हणजेच सिस्ट, अतिशय विरळ असून त्या बहुधा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत किंवा इकोत, म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेल्या हृदयाच्या चित्रात, अवचित दिसतात. हृदयावरणाची जन्मजात गाठ साधारण एक लाखात एखाद्याला असते, तिच्यात स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो आणि त्रास नसेल तर तिच्या वाटेला न जाणेच बरे. झडपेवरची रक्ताने भरलेली गाठ तान्ह्या मुलांत दिसते, बहुधा आपोआप विरते आणि प्रौढांत क्वचितच उरते.

शेळ्यामेंढ्या आणि गुरे पाळणाऱ्या विदर्भासारख्या प्रदेशात मात्र तिसऱ्या, हायडॅटिड गाठीचा विचार आधी व्हायला हवा. एकायनोकॉकस नावाचा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो; त्याची अंडी विष्ठेतून माती, पाणी व भाजीपाल्यावर येतात आणि गुरांच्या, शेळ्यामेंढ्यांच्या, कधी माणसाच्याही पोटात जातात. अंड्यातून निघालेला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो, बहुतेक भ्रूण यकृतात अडकतात, काही फुप्फुसांत, आणि या दोन्ही गाळण्यांतून निसटलेला एखादाच हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत पोचतो. म्हणूनच हायडॅटिडच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे 0.5 ते 2 टक्क्यांतच हृदयात गाठ सापडते, आणि तीही बहुधा भरपूर रक्तपुरवठा असलेल्या डाव्या निलयाच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याच्या, भिंतीत.

कर्करोग नाही एवढ्यावर येथे निर्धास्त होता येत नाही. वर्षानुवर्षे मुकाट वाढलेली ही गाठ फुटली तर तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळू शकतो आणि तिचे तुकडे मेंदूपर्यंत वाहत जाऊ शकतात. त्यामुळे सुई टोचून द्रव काढण्याचा मोह टाळून रक्ततपासणी, सीटी व एमआरआय यांच्या आधारे निदान केले जाते, बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने गाठ काढली जाते आणि जोडीला अल्बेंडाझोल, शाळांतून मुलांना जंतांसाठी वाटले जाते तेच औषध, दीर्घकाळ दिले जाते.

हृदयशल्यविशारदाला क्वचित दिसणारी ही गाठ मांसाची तपासणी करणाऱ्या पशुवैद्यकाच्या मात्र चांगल्या परिचयाची आहे. या रोगाचे चक्र तोडण्याचे काम शस्त्रक्रियागृहापेक्षा पशुवैद्यकशास्त्राच्या हाती अधिक आहे: गाठी असलेली यकृते व फुप्फुसे कुत्र्यांपुढे न टाकता जाळणे किंवा खोल पुरणे आणि कुत्र्यांना ठरावीक काळाने प्राझिक्वांटेल हे जंतनाशक देणे.