पुढारी खोलीबाहेर गेल्यावर



मानसशास्त्रावर बोलण्यासाठी लागणारी कोणतीही पदवी आमच्याजवळ नाही. कामगार संघटनेचे काम करताना जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरे पाळी संपल्यावर वाचनालयात बसून शोधली, एवढीच आमची विद्या. त्यांतला एक प्रश्न आज आपणांपुढे मांडतो: काळ अस्थिर असताना पुढारी निवडावा कसा आणि घडवावा कसा?

लालबाग-परळच्या गिरण्यांत पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण खात्यात जॉबर असे. गावाकडून माणूस आणायचा त्याने, कामावर लावायचा त्याने, अडीअडचणीला कर्ज द्यायचे त्याने आणि दस्तुरी घ्यायची तीही त्यानेच. त्याच्या शब्दाबाहेर सहसा कोणी जात नसे. परंतु ज्याच्या हाती आपली भाकरी आहे, त्याच्यामागून माणसे चालतात ती विश्वासाने की भीतीने, हे ओळखणार कसे?

या रीतीला मोठा धक्का बसला १९२८ साली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. त्या संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणीतले. वर्षअखेर सभासद पन्नास हजारांच्या पुढे गेले आणि गिरण्यागिरण्यांतून कामगारांच्या समित्या झाल्या. खात्यातली तक्रार आता जॉबरकडे न जाता समितीकडे जाऊ लागली. आमच्या मते त्या संपाची खरी कमाई पगारापेक्षा ही होती.

मग २० मार्च १९२९ चा दिवस उजाडला. मीरत खटल्यासाठी डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, आळवे, कासले असे बिनीचे पुढारी एकाच दिवशी पकडले गेले. २६ एप्रिलला दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला, आणि तो फसला. त्याला कारणे पुष्कळ होती. सहा महिन्यांच्या उपासाने घरे रिकामी झाली होती. फेब्रुवारीत शहरात जातीय दंगल होऊन गेली होती. परंतु एका कारणाकडे आम्हांला आपले लक्ष वेधायचे आहे, आणि त्यासाठी क्षणभर अमेरिकेत जावे लागेल.

कुर्ट लेविन हा जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३८-३९ च्या सुमारास आयोवा विद्यापीठात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले. त्यांना मुखवटे बनविण्यासारखी कामे दिली. एका गटाचा प्रमुख हुकूम सोडणारा, दुसऱ्याचा मुलांशी विचारविनिमय करून काम ठरविणारा, तिसऱ्याचा काहीच न करणारा. प्रमुख समोर असताना हुकमाच्या गटात काम भरपूर होई. पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबत. विचारविनिमयाच्या गटात मात्र काम बहुतेक तसेच चालू राही.

मुलांचा खेळ आणि गिरणी कामगारांचा लढा यांची तुलना कोणाला खटकेल. तरीही आमचे मत असे, की १९२९ साली समित्या खात्यातला रोजचा तंटा सांभाळायला शिकल्या होत्या. परंतु सार्वत्रिक संप केव्हा पुकारावा आणि केव्हा थांबवावा, याचा निर्णय घेण्याचा सराव व्हायला त्यांना अवधीच मिळाला नाही. पुढारी खोलीबाहेर नेले गेले, तेही पोलिसांच्या गाडीतून. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाविषयी आम्ही येथे जास्त बोलत नाही. त्यातही समित्या होत्या आणि निर्णयाचे सूत्र एका हाती होते. पण त्याबद्दल सांगायला या सभागृहात आमच्याहून अधिकारी माणसे बसली आहेत.

आता निवडीकडे वळू. लष्करात अधिकारी निवडताना आठ-दहा उमेदवारांना फळ्या, ओंडके, दोर देतात आणि अडथळा ओलांडायला सांगतात. प्रमुख कोणी नेमत नाहीत. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करात रूढ झाली आणि १९४३ साली डेहराडूनला आली. दुसरी युक्ती मोरेनोची. तो म्हणे, माणसांनाच विचारा, तुम्हांला सोबत कोण हवे?

आम्ही ही युक्ती एका कारखान्यात वापरली. तेथे कंत्राटदार दर वर्षी बदले, कामगार तेच राहत. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देऊन दोन प्रश्न विचारले: रात्रपाळीत अपघात झाला तर प्रथम कोणाला हाक माराल? आणि साहेबांकडे तुमच्या वतीने कोणाला पाठवाल? दोन्ही उत्तरांत नावे वेगळी आली! गेटवर गर्जणाऱ्या भाऊंचे नाव दुसऱ्या प्रश्नात भरपूर, पहिल्यात चार चिठ्ठ्यांवर. पहिल्या प्रश्नात पॅकिंगमधल्या एका ताईंचे नाव सर्वांत जास्त, तेही अशा दोन खात्यांतून की ज्यांची माणसे एकत्र डबाही खात नाहीत. ताई आधी नाहीच म्हणाल्या. आम्ही आग्रह धरला नाही. फक्त वाटाघाटीच्या वेळी टिपणे घ्यायला या, इतकेच म्हटले. तीन बैठका त्यांनी लिहून घेतले. चौथीत ओव्हरटाइमचा आकडा साहेबांनी चुकीचा सांगितला, तेव्हा त्या वही उघडून बोलल्या.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ही विद्या मालकांनीच आधी जोपासली आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात हजारो कामगारांच्या मुलाखती झाल्या, पण त्यावर लिहिणाऱ्या एल्टन मेयोच्या पुस्तकांत युनियनला फारशी जागा नाही. चिठ्ठ्यांतली नावे व्यवस्थापनाच्या हाती पडली तर पहिली बदली कोणाची होईल, हे आपणांस सांगायला नको. म्हणून मोजणी दोन्ही खात्यांच्या माणसांसमोर झाली आणि चिठ्ठ्या तेथेच जाळल्या.

त्या कारखान्यात आता वही तिसऱ्या माणसाकडे आहे. वर्गणीचा हिशेब गेटवर दर महिन्याला वेगळा कामगार वाचतो; भाऊंनाही वाचावा लागला, आणि तो त्यांनी दोनदा चुकवून तिसऱ्यांदा बरोबर वाचला. मागल्या कराराच्या वेळी आम्ही मुद्दाम एका बैठकीला गेलो नाही. बैठक चार तास चालली. रात्री ताईंचा फोन आला, तो सल्ला विचारायला नव्हता. काय ठरले ते सांगायला होता.