रोजची कामं संगणकाला सांगताना



'तू ऑफिसात नक्की करतेस काय?' हा प्रश्न सकाळपासून चारदा ऐकला. म्हणून आपल्याच घरचं उदाहरण घेते. या मेळाव्यासाठी जमवलेले जुने फोटो आपण स्कॅन केले. संकेतस्थळावर चढवण्याआधी प्रत्येक फोटो लहान करायचा, आणि कुणी नवे पाठवले की पुन्हा तेच. अशा कामांसाठी गल्प नावाचं जावास्क्रिप्टमधलं साधन आहे, २०१३ पासूनचं आणि फुकट. कल्पना मात्र जुनी. बेल लॅब्समध्ये एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ जुनाच प्रोग्राम तपासण्यात वाया गेली, आणि स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' लिहिलं.

गल्पमध्ये 'गल्पफाईल' नावाची एक फाईल असते. तिच्यात प्रत्येक काम म्हणजे एक फंक्शन. 'सोर्स'मधून फायली उचलायच्या, 'पाइप'मधून पुढे पाठवायच्या, 'डेस्ट'मध्ये ठेवायच्या. चार-पाच ओळी, बस्स. (आवृत्ती ५ असेल तर फोटोंसाठी 'एन्कोडिंग फॉल्स' लिहा. नाहीतर ते मजकूर समजून वाचले जातात आणि बिघडतात.)

खरी गोम क्रमात आहे. 'साफ' हे काम जुने लहान फोटो पुसतं, 'फोटो' हे काम नवे बनवतं. 'सिरीज'मध्ये दिली तर ती एकामागून एक होतात. 'पॅरलल'मध्ये दिली तर एकदमच सुरू होतात, म्हणजे एकीने रांगोळी काढायची आणि दुसरीने त्याच अंगणात झाडू मारायचा! शिवाय काम संपलं हे फंक्शनने स्वतः कळवावं लागतं. कळवलं नाही, तर पुढचं सुरूच होत नाही.

'साफ'ला फक्त लहान फोटोंचा फोल्डर दाखवायचा, मूळ स्कॅनचा कधीच नाही. पुसण्याआधी ते 'नक्की ना?' असं विचारत नाही. आपल्या गणिताच्या सरांचा फळ्यासमोरचा एकच फोटो उरलाय, आणि त्याची कागदी प्रत पुरात गेली. म्हणून मूळ स्कॅनची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटात ठेवली आहे. चावी मोठ्या बाईंकडे.

मुलांनो, जेवणं झाली की संगणक कक्षात या. मी 'वॉच' लावून ठेवते. फोल्डरमध्ये फोटो तुम्ही टाकायचे, आणि नुसतं बघत राहायचं.