काँक्रीटच्या पोटातील निरोप



१९८६ च्या जुलैमध्ये पणजीचा मांडवी नदीवरील पूल कोसळला. १९७० मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा पूल वयाने तरुणच म्हणावा लागेल. काँक्रीटच्या आत ताणून बसविलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या आणि हा गंज वरून चालणाऱ्यास दिसणारा नव्हता. काँक्रीटच्या पोटातील दुखणे बाहेर कसे कळावे, हा खरा प्रश्न आहे.

आत संवेदक पुरता येतो. परंतु त्याची वायर बाहेर काढली तर ती काँक्रीट ओतताना तुटते, शिवाय तिच्या कडेने ओलावा आत शिरण्याची भीती असते. रेडिओलहरी ओल्या काँक्रीटमध्ये आणि सळयांच्या जाळ्यात क्षीण होतात. उरतो तो ध्वनी.

१८८० मध्ये जाक आणि प्येर क्युरी या बंधूंना आढळले की, काही स्फटिक दाबले असता विद्युत्‌भार निर्माण होतो. उलट, वीज दिली की स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो, हे लिपमन यांनी १८८१ मध्ये गणिताने दाखविले व क्युरी बंधूंनी पडताळले. म्हणजे एकच तुकडा कानही होतो आणि जीभही! अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठात गँगबिंग साँग व सहकाऱ्यांनी अशी ठिसूळ चकती काँक्रीटच्याच लहान ठोकळ्यात बसवून तो बांधकामात पुरण्याची पद्धत विकसित केली. 'स्मार्ट अ‍ॅग्रिगेट' हे तिचे नाव; मराठीत 'जाणती खडी' शोभेल.

एक खडी कंपने सोडते, दुसरी ती टिपते. कंपनांतील बदल हीच संदेशाची लिपी. चांगल्या काँक्रीटमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर धावतो. अडचण वेगाची नाही, प्रतिध्वनीची आहे. खडी, सळया आणि कडा यांवर आपटून लहर विखुरते. विजापूरच्या गोलघुमटात कुणी भरभर बोलू लागला, तर शब्दावर शब्द चढतो, तसेच येथे घडते. त्यावरील तोड मोठी चतुर आहे. आधी एक चाचणी-स्पंद पाठवायचा, पलीकडे पोहोचलेला त्याचा विस्कटलेला अवतार नोंदवायचा आणि पुढचा संदेश त्या नोंदीच्या उलट क्रमाने सोडायचा. मग सर्व प्रतिध्वनी ग्राहकापाशी एकाच क्षणी एकवटतात. वैरी समजलेला प्रतिध्वनीच वाहक होतो.

मर्यादा आहेतच. उच्च वारंवारितेच्या लहरी लवकर विरतात, नीच वारंवारितेत माहिती कमी मावते. पण पुलाला चित्रपट पाठवायचा नाही. दिवसाकाठी ओलावा, ताण यांचे चार आकडे पुरेत. बिकट प्रश्न विजेचा आहे, कारण पुरलेली बॅटरी बदलता येत नाही. आणि काँक्रीटच्या गाभ्यात ही खडी ठेवायची, तर ते काँक्रीट ओतण्यापूर्वीच. तेव्हा तिची तरतूद निविदेतच व्हावयास हवी.