कवा आलाव?



 दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून आम्हा दोघा नवरा-बायकोला चार शब्द बोलायला सांगितलं. परदेशात राहून काय आठवलं ते सांगा म्हणाले. पंढरपूर आठवलं असं आम्ही म्हणू, हे तुम्ही धरूनच आला असाल. ते आठवलंच. पण रोज उठून आठवायची ती आपली गल्ली.

'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' असं आपण छाती फुगवून म्हणतो. आम्ही काही जर्मनीपर्यंत पोचलो नाही, दुबईतच अकरा वर्षं काढली. त्या मुलखाला नावं ठेवायला आम्ही इथं उभे नाहीत. तिथल्या पगारावर बहिणींची लग्नं झाली, देणं फिटलं. रस्ते असे, की त्यावर भाकरी ठेवून खावी. पण उन्हाळ्यात दुपारी त्या रस्त्यावर माणूस दिसत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला तिथं सरकारची बंदी असते, एवढा उकाडा. आपली आषाढी नेमकी त्याच दिवसांत. इकडं तुम्ही चिखल तुडवत चालणार, अन् आम्ही काचेआडून रिकामा रस्ता बघणार.

देव तिथंही आहे. बर दुबईत जुनं मंदिर आहे, २०२२ साली जेबेल अलीला मोठं नवं मंदिर झालं. करामा भागात वडापाव मिळतो, गजरा मिळतो. फोनवर हरिपाठ लावता येतो. पिशवीत घालून नेता येतं ते सगळं तिकडं पोचलंय. गल्ली तेवढी नेता येत नाही.

आता गल्ली म्हणजे तरी काय? पहाटे काकड्याचा भोंगा (कर्कश आहे, बोलूनच टाकतो), मग सडा टाकल्याचा आवाज, दुधाच्या कॅनचा खडखडाट, कांदे-लसणाचा गाडा, शाळेला पळणारी पोरं. पारावर एकच पेपर सात जणांत फिरणार, अन् त्यातली बातमी वाचायच्या आधीच तिच्यावर भांडण होणार. गावी आलो की स्टँडपासून घरापर्यंत पाच जण विचारणार, "कवा आलाव?" रात्रीच्या गाडीनं आलो, हे त्यांना ठाऊक असतं. तरी विचारतात. आमच्या तिथल्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं होती. लिफ्टमध्ये सगळे आकड्याकडं बघत उभे राहायचे. खालचा एक केरळचा किराणावाला मात्र उधारीची वही ठेवायचा, दोन दिवस दिसलो नाही तर विचारायचा. त्याच्याकडं आम्ही उगाच काडीपेटी आणायला जायचो.

संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. लहानपणीच गाव सुटलं, पंढरपुरात नामदेवांच्या घरी राहिल्या. त्यांच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेणगोवऱ्या हेच येतं, अन् देव त्या कामाला हात लावायला येतो. हे पाठ होतं आधीपासून. गाव सुटलेल्या बाईनं हे सांगितलंय, हे मात्र तिथं बसून ध्यानात आलं.

वडील याच दिंडीतले टाळकरी. फोनवर त्यांचं तोंड कधी धड दिसायचं नाही. दैठण्याहून शेगावची पालखी गंगाखेडकडं निघाली की रस्त्याच्या कडेला उभं राहून ते फोन उलटा धरायचे, धुळीतली पावलं दाखवायचे. एका हिवाळ्यात ते गेले. सुट्टी, तिकीट, मुंबई, तिथून रात्रीची रेल्वे. आम्ही पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. नालीच्या पाण्यावरून ज्यांच्याशी वडिलांचं वर्षानुवर्षं वाजत होतं, त्या शेजाऱ्यानंच पहिला खांदा दिला होता. पिठलं-भाकरीही त्यांच्याच घरून येत होती. त्या दिवशी स्टँडपासून घरापर्यंत कुणीच "कवा आलाव?" म्हटलं नाही. लोक ओट्यावरून उठून नुसते उभे राहिले.

आता आम्ही कायमचे परत आलोत. गल्लीतले ओटे एकेक करून पडायलेत, गाडी लावायला जागा लागते म्हणून. ज्याची त्याची गरज आहे. पण बसायला ओटाच नसला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारणार कोण? दारं लोखंडी झालीत, कडी आतून.

म्हणून महाराजांना एक विनंती आहे. सामानाचा ट्रॅक्टर गल्लीत वळत नाही, म्हणून अलीकडं दिंडी बाहेरच्या डांबरी रस्त्यानं निघते. ट्रॅक्टर जाऊ द्या तिकडून. वीणा, टाळ अन् तुळस तेवढी प्रस्थानाच्या दिवशी गल्लीतून न्या. फार तर अर्धा तास जाईल. आमचा ओटा आम्ही ठेवलाय. चहा तयार असेल, अन् ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांच्यासाठी बिनसाखरेचं पातेलं वेगळं.

रामकृष्ण हरी.