आपला कोण? : बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबाची कथा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फुटबॉलच्या एका क्लबावर व्याख्यान आहे हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वाचनालयाच्या व्यासपीठावर चेंडूचे काय काम, ही शंका स्वाभाविकच आहे. परंतु ज्या क्लबाविषयी मी आज बोलणार आहे, त्याचा इतिहास म्हणजे केवळ जयपराजयांची जंत्री नव्हे. आपला कोणाला म्हणावे, ह्या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा लोकसमूहाने शंभराहून अधिक वर्षे मैदानावर कसे दिले, त्याची ती हकीगत आहे.

स्पेनच्या उत्तरेस, नेर्व्हियोन नदीच्या काठी बिल्बाओ नावाचे औद्योगिक शहर आहे. हा बास्क लोकांचा मुलूख. राजकीय सीमेने तो दुभंगलेला आहे. मोठा भाग स्पेनमध्ये, लहान भाग फ्रान्समध्ये. बास्क भाषेचे स्पॅनिशशी किंवा फ्रेंचशी काहीही नाते नाही. जगातील दुसऱ्या कोणत्याही जिवंत भाषेशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. भाषेची सीमा एक आणि राज्याची सीमा दुसरी, ह्याचा अर्थ काय होतो, हे ह्या सभागृहात मी समजावून सांगण्याचे कारण नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिल्बाओच्या खाणींतील लोखंड जहाजांतून इंग्लंडला जाई, आणि परतीच्या जहाजांतून इंग्रज कामगार येत. त्यांच्यापासून, आणि इंग्लंडात शिकून परतलेल्या तरुणांपासून, बिल्बाओने हा खेळ उचलला. क्लब आपली स्थापना 1898 सालची मानतो. त्याचे नाव इंग्रजी, आरंभीच्या खेळाडूंत इंग्रज, आणि आज प्राणापलीकडे जपला जाणारा तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोशाखही प्रथम 1910 साली साउदॅम्प्टन बंदरातून आणलेला! आपलेपणाचे प्रतीक ठरलेल्या ह्या संस्थेचा जन्म असा परक्यांच्या हातून झाला, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

1911 साली परदेशी खेळाडूंवरून स्पर्धेत वाद माजला. त्यानंतर क्लबाने आपल्याच मुलखातील खेळाडूंवर विसंबण्याची प्रथा धरली. घटनेत तसे कलम नाही. ती लोकांनी पाळलेली रीत आहे. 1913 साली सान मामेस हे मैदान सिद्ध झाले. ज्या संताचे नाव त्याला मिळाले, त्याला रोमनांनी सिंहांपुढे टाकले असता सिंहांनी स्पर्श केला नाही, अशी कथा आहे. म्हणून ह्या संघाचे खेळाडू ‘सिंह’ म्हणविले जातात. मैदानावरील पहिला गोल पिचिची ह्या टोपणनावाच्या खेळाडूने केला. 1922 साली ऐन तारुण्यात तो वारला. सान मामेसवर प्रथमच खेळावयास आलेला प्रत्येक पाहुणा संघ आजही त्याच्या अर्धपुतळ्यापुढे फुले वाहतो.

1928-29 मध्ये स्पेनची साखळी स्पर्धा सुरू झाली आणि 1936 पर्यंत ह्या स्थानिक संघाने ती 4 वेळा जिंकली. मग यादवी युद्ध पेटले. बास्क सरकारने आपल्या उत्तम खेळाडूंचा एक संघ परदेशी पाठविला. सामने खेळून निधी जमवावा आणि जगाला आपली बाजू सांगावी, हा हेतू. ह्या संघाचा पहिला सामना पॅरिसमध्ये 26 एप्रिल 1937 रोजी झाला. त्याच दिवशी त्यांच्या मायभूमीत गेर्निका गावावर विमानांनी बाँब टाकून ते बेचिराख केले. जूनमध्ये बिल्बाओ पडले. संघ पुढे मेक्सिकोपर्यंत गेला, आणि त्यातील अनेक खेळाडू परदेशातच राहिले. क्लबाचा कणाच मोडला होता.

फ्रँकोच्या राजवटीत बास्क भाषेची सार्वजनिक जीवनातून हकालपट्टी झाली. परकीय शब्दही निषिद्ध ठरले आणि 1941 मध्ये क्लबाला आपले नाव बदलून ‘आत्लेतिको’ असे स्पॅनिश रूप घ्यावे लागले. मूळ नाव परत मिळावयास 1972 साल उजाडले. परंतु नाव बदलता आले तरी रीत बदलता आली नाही. नव्या दमाची स्थानिक पोरे गोळा करून ह्या संघाने 1943 मध्ये साखळी आणि चषक दोन्ही जिंकले. त्याच पिढीतील तेल्मो सार्रा ह्याने साखळीत 251 गोल केले; तो उच्चांक मोडावयास 2014 साली मेस्सीला यावे लागले. 1958 च्या चषकाच्या अंतिम सामन्यात युरोपविजेत्या रेआल माद्रिदला त्याच्याच मैदानावर 2-0 असे हरविणारा संघ ‘अकरा खेडूत’ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला.

फ्रँको 1975 मध्ये वारला, तरी बास्क ध्वजावरील बंदी उठली नव्हती. 5 डिसेंबर 1976 रोजी सान सेबास्तियान येथे अ‍ॅथलेटिकचा सामना शेजारच्या रेआल सोसिएदादशी होता. हे दोघे हाडाचे प्रतिस्पर्धी. त्या दिवशी अ‍ॅथलेटिकचा इरिबार आणि सोसिएदादचा कोर्ताबारिया हे दोन्ही कर्णधार एकच ध्वज दोन बाजूंनी धरून मैदानात आले. तो ध्वज एका खेळाडूच्या बहिणीने घरी शिवला होता. अ‍ॅथलेटिक तो सामना 0-5 असा हरले. पण त्या दिवसाची आठवण निघते ती गोलांसाठी नव्हे. पुढच्याच महिन्यात ध्वजावरील बंदी उठली.

परंतु मित्रहो, ह्यापुढची परीक्षा अधिक अवघड होती. दडपशाहीपुढे ताठ राहणे एक वेळ सोपे. पैशापुढे ताठ राहणे कठीण. सोसिएदादनेही अशीच रीत पाळली होती; ती त्यांनी 1989 मध्ये एका आयरिश खेळाडूला घेऊन सोडली. जगभरचे खेळाडू विकत घेणाऱ्यांशी अ‍ॅथलेटिक सुमारे 30 लाख वस्तीच्या मुलखातील खेळाडूंवर झुंजत राहिले. 2018 ह्या एका वर्षात त्याचे दोन खेळाडू 6.5 कोटी आणि 8 कोटी युरो मोजून इंग्लंडच्या क्लबांनी नेले. तरीही स्पेनच्या वरिष्ठ श्रेणीतून हा क्लब कधीही खाली गेलेला नाही. असा लौकिक त्याच्याखेरीज केवळ रेआल माद्रिद आणि बार्सेलोना ह्यांचाच.

ह्या रीतीवर टीका होते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. शेजारच्या लहान क्लबांनी घडविलेली मुले अ‍ॅथलेटिक उचलते, ही त्यांची तक्रार जुनी आहे. जन्मावरून माणूस निवडणे हा संकुचितपणा नव्हे काय, असेही विचारले जाते. ह्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते काळाच्या ओघात. आरंभी बिल्बाओच्या परिसरातलाच तो आपला. पुढे सगळ्या बास्क मुलखातला. आणि आता, बाहेर जन्मला तरी जो इथल्या मातीत खेळ शिकला, तोही आपला. रीत टिकली, कारण तिचा उंबरठा रुंद होत गेला.

घानामधून एक जोडपे सहाराचे वाळवंट तुडवीत स्पेनमध्ये आले. बिल्बाओत त्यांना एका बास्क धर्मोपदेशकाने आधार दिला. 1994 मध्ये जन्मलेल्या पहिल्या मुलाला त्यांनी त्याचेच नाव दिले, इन्याकी. हा इन्याकी विल्यम्स 2016 ते 2023 ह्या काळात साखळीचे सलग 251 सामने खेळला. त्याचा धाकटा भाऊ निको. राष्ट्रीय सामन्यांत थोरला घानाकडून आणि धाकटा स्पेनकडून उतरला. बिल्बाओकडून मात्र दोघे एकत्र. एप्रिल 2024 मध्ये 40 वर्षांनी अ‍ॅथलेटिकने राजाचा चषक जिंकला, तेव्हा विजयी संघात हे दोघेही होते. संघाला तराफ्यावर चढवून नदीतून मिरविले गेले, आणि दोन्ही तीरांवर लाखो माणसे लोटली. त्या गर्दीत ‘हे परके’ असे म्हणणारा कोणी असेल, असे मला वाटत नाही.

परक्यांनी आणलेला खेळ आपला झाला, परक्या बंदराचा पोशाख आपला झाला, आणि दूरच्या वाळवंटातून आलेल्यांची मुले आपली झाली. आपलेपण रक्तात शोधणाऱ्यांना ते थोडे सापडते. जे ते शिकवितात, त्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या पुरते. बिल्बाओच्या मैदानावरून मला उमगले ते एवढेच.