आरांची फुलं, आरांची माणसं



कल्याणच्या फुलबाजारात पहाटे झेंडू, शेवंती, गुलछडीचे ढीग लागतात आणि ठाण्या-डोंबिवलीचे फुलवाले टोपल्या भरून घेऊन जातात. यातलं बहुतेक फूल कुणाला वाहायचं, कुठे माळायचं, हे आधीच ठरलेलं असतं. आपल्या चित्रांतही फुलाचं काम असंच ठरलेलं होतं. राजा रविवर्म्याची लक्ष्मी छापील चित्रांतून घरोघरी पोचली. पायाखाली कमळ, हातात कमळ, अंगभर दागिने. फूल म्हणजे मांगल्य, आणि बाईचं शरीर म्हणजे देवी किंवा पुराणातली नायिका.

ही नेमणूक मोडली चित्रकार कृष्णाजी हौळाजी आरा यांनी. जन्म १९१४, हैदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणीच मुंबईत आले, लोकांच्या घरी राबले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्या सहाजणांत ते होते.

फुलं आणि नग्न स्त्रीदेह या दोन विषयांकडे आरा पुन्हा पुन्हा वळले. त्यांची फुलदाणी जवळून पाहावी. जलरंग ते तेलरंगासारखा दाट लावत. पाकळ्या कोरत बसत नसत. भरल्या कुंचल्याचा एक फटकारा, की झाली पाकळी. फुलं टेबलावर आहेत, बस्स. देव नाही, पूजा नाही. त्यांची नग्न स्त्रीही तशीच. भरलेल्या अंगाची, अंगावर दागिना नाही, मागे पुराणातली गोष्ट नाही. ती कुणाला रिझवायला बसलेली नाही. मला यातच आरांचं मोठेपण दिसतं. फुलावरचं आणि बाईवरचं शतकांचं ओझं त्यांनी एकाच हाताने उतरवलं.

त्या काळी नग्न देह असा रंगवणं सोपं नव्हतं. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या अकबर पदमसींच्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला. पदमसी माफी मागून मोकळे झाले नाहीत. कोर्टात लढले आणि जिंकले.

आरा १९८५ मध्ये गेले. हुसेन-रझांची नावं सर्वतोमुखी झाली, आरांचं मागे पडलं. हा अन्याय आहे. मुंबईतल्या काळा घोड्याच्या एखाद्या कलादालनात त्यांचं चित्र दिसलं, तर ‘यातून काय सांगायचंय’ हे लगेच विचारू नका. आधी जवळ जा आणि रंग कसा लावलाय ते पाहा.