कसब कामगाराचे, पुंजी कुणाची ?



कारखान्याच्या ताळेबंदात यंत्रांची किंमत मांडलेली असते, इमारतीची असते, कच्च्या मालाचीही असते. वीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या कामगाराच्या बोटांत जे ज्ञान साठले, त्याचा रकाना मात्र तेथे नसतो. तो निवृत्त झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. व्यक्तीचे कसब संस्थेची बौद्धिक पुंजी कशी व्हावी, हा व्यवस्थापनशास्त्राचा आवडता प्रश्न. समाजवाद्यांनी त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : ती पुंजी कुणाच्या मालकीची होणार ?

अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ साली एक उत्तर ग्रंथरूपाने मांडले. कामगारांकडे परंपरेने आलेले ज्ञान व्यवस्थापकांनी गोळा करावे, त्याचे नियम बनवावेत आणि विचाराचे काम नियोजन-कचेरीत न्यावे, असा त्याचा सिद्धांत होता. या मार्गाने कसब संस्थेचे झाले खरे. पण ज्याचे ते होते त्याच्या वाट्याला केवळ आज्ञापालन उरले.

दुसरे उत्तर ब्रिटनमधील कामगारांनी दिले. ल्यूकस एरोस्पेस ही विमानांची व लष्करी सामग्री बनविणारी कंपनी. तिच्या १७ कारखान्यांत सुमारे १८,००० लोक काम करीत. नोकरकपातीचे संकट समोर दिसत होते. निरनिराळ्या युनियनांच्या प्रतिनिधींनी आपली संयुक्त समिती उभारली होती. १९७४ मध्ये ही समिती उद्योगमंत्री टोनी बेन यांना भेटली आणि पर्यायी उत्पादनांची कल्पना पुढे आली. समितीने प्रथम १८० तज्ज्ञांना व संस्थांना पत्रे लिहिली. बहुतेकांनी उत्तरही पाठविले नाही. तेव्हा ती आपल्याच माणसांकडे वळली. हाताशी कोणती यंत्रे आहेत, कोणती कौशल्ये आहेत, समाजाला उपयोगी पडेल असे काय बनविता येईल, अशी प्रश्नावली कारखान्या-कारखान्यांतून फिरली.

जानेवारी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या योजनेत सुमारे १५० उत्पादने होती : उष्णता-पंप, बॅटरी व इंजिन यांची जोड असलेली वाहने, रूळ व रस्ता दोन्हींवर धावणारी गाडी, पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी छोटे वाहन. आराखडे काढणारे अभियंते आणि यंत्रावरचे कामगार येथे एकत्र बसले. समितीचे एक नेते माइक कूली यांचा आग्रह असा की, कारागिराला जे ठाऊक असते ते सारे शब्दांत सांगता येत नाही. म्हणून यंत्राने त्याच्या हाताची जागा घेऊ नये, त्या हाताला साथ द्यावी.

व्यवस्थापनाने योजना फेटाळली. १९७९ पर्यंत सत्तेवर असलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनेही ती स्वीकारण्यास कंपनीला भाग पाडले नाही. १९८१ मध्ये कूली यांना नोकरीवरून काढण्यात आले. त्याच वर्षी त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. उष्णता-पंप आणि संमिश्र इंजिनाच्या मोटारी आज जगभर विकल्या जातात. म्हणजे कामगारांचा अंदाज चुकला नव्हता; उणीव सत्तेची होती. ज्ञान एकत्र झाले, पण उत्पादनाचा निर्णय ज्यांच्या हाती होता त्यांच्याच हाती राहिला.

यातून संघटनांनी दुहेरी बोध घ्यावयाचा आहे. सामूहिक ज्ञानाला निर्णयाच्या अधिकाराची जोड नसेल, तर ते कपाटातच पडून राहते, म्हणून तो अधिकार हा लढ्याचा विषय व्हावयास हवा. आणि हा लढा लढणाऱ्यांनी स्वतःचे घरही तपासावे. सातबारा वाचण्यात, रेशनची तक्रार तडीस नेण्यात, संपाच्या काळात धान्य जमविण्यात मुरलेला कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात असतो. त्याची विद्या त्याच्या पिशवीतल्या कागदांत असते आणि बहुधा त्याच्याबरोबरच संपते. ती विचारून घेणे, लिहून ठेवणे, नव्या मुलांना त्याच्या शेजारी बसविणे, आणि हे करताना त्याचे नाव व त्याचा शब्द कायम राखणे, यासाठी मोठा निधी लागत नाही. ल्यूकसच्या कामगारांनी एका प्रश्नावलीपासून सुरुवात केली होती. शाखेच्या पुढच्या बैठकीत तेवढे करता येण्यासारखे आहे.